घरगुती चित्रफितींचे डिजिटल रूपांतर : इतिहाससाधनांच्या चिकित्सेच्या दृष्टीने एक विचार

प्रस्तावना

इतिहासलेखनाची साधने म्हणून शिलालेख, ताम्रपट, नाणी, बखरी, दप्तरे आणि पत्रव्यवहार यांचे स्थान सर्वमान्य आहे. विसाव्या शतकाच्या अभ्यासकाला यात आणखी एका साधनाची भर घालावी लागते. ते साधन म्हणजे कुटुंबांनी स्वतःच्या हौसेसाठी काढलेल्या चित्रफिती. मुंज, लग्न, बाळाचे पहिले पाऊल, सहल, अंगणातील खेळ असे प्रसंग १६ किंवा ८ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मवर टिपले गेले. या फिती दाखविणारे प्रोजेक्टर आता बहुतेक घरांतून नाहीसे झाले आहेत आणि फितीही झिजत आहेत. साहजिकच त्यांचे डिजिटल रूपांतर करून घेण्याकडे कल वाढला आहे.

हे रूपांतर बहुधा केवळ तांत्रिक काम समजले जाते. फीत दुकानात द्यावी, डिस्क किंवा फाइल घ्यावी, आणि जुनी रिळे टाकून द्यावीत, असा व्यवहार अनेक ठिकाणी झाला. इतिहासाच्या दृष्टीने मात्र रूपांतर म्हणजे मूळ साधनाची नवी प्रत तयार करणे होय. जुन्या पोथीची नक्कल करताना लेखनिकाच्या हातून जसे काही गळते, काही बदलते आणि काही नव्याने शिरते, तसेच येथेही घडते. म्हणून पोथीच्या प्रतीला लावले जाणारे चिकित्सेचे निकष या प्रतीलाही लावले पाहिजेत, हा प्रस्तुत लेखाचा प्रतिपाद्य विषय आहे.

१. घरगुती चित्रफितीचा उदय

घरगुती चित्रणाचे बीज चित्रपटाच्या जन्मातच आढळते. २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिस येथे ल्युमिएर बंधूंनी जो पहिला जाहीर खेळ केला, त्यात ऑग्युस्त ल्युमिएर व त्यांची पत्नी आपल्या तान्ह्या मुलीला भरवीत असल्याचे दृश्य होते. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएरांचा खेळ झाला. त्यानंतर थोड्याच वर्षांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर उपाख्य सावेदादा यांनी कॅमेरा मागवून १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमधील कुस्तीचे चित्रण केले. १९०१ साली रँग्लर र. पु. परांजपे इंग्लंडहून परतले, त्या प्रसंगाचेही चित्रण त्यांनी केले. या चित्रफिती आज उपलब्ध नाहीत. मराठी माणसाने घेतलेल्या पहिल्या चलच्चित्रांविषयी आपणास केवळ लिखित उल्लेखांवरून बोलावे लागते, ही गोष्ट या विषयाचे गांभीर्य दाखविण्यास पुरेशी आहे.

त्या काळची ३५ मिलिमीटर फिल्म नायट्रेटची, म्हणजे अत्यंत ज्वालाग्राही होती. घरात ती वापरणे धोक्याचे होते. १९२२ साली फ्रान्समधील पाथे कंपनीने ९.५ मिलिमीटरची आणि १९२३ साली अमेरिकेतील ईस्टमन कोडॅक कंपनीने १६ मिलिमीटरची फिल्म बाजारात आणली. या फिल्म सेल्युलोज अॅसिटेटच्या असल्याने सहजासहजी पेट घेत नसत. तरीही कोडॅकचा कॅमेरा, प्रोजेक्टर, तिवई, पडदा आणि फिल्म जोडण्याचे साधन यांच्या संचाची किंमत ३३५ डॉलर होती. म्हणजे हा छंद श्रीमंतांचाच होता. १९३२ साली ८ मिलिमीटर फिल्म आली. १६ मिलिमीटर रुंदीची २५ फूट फिल्म कॅमेऱ्यातून दोनदा फिरवून प्रत्येक वेळी निम्म्या रुंदीवर चित्रण करावयाचे, आणि धुतल्यानंतर ती मधोमध कापून ५० फुटांची फीत जोडावयाची, अशी ती काटकसरीची योजना होती. १९३५ साली १६ मिलिमीटरमध्ये आणि १९३६ साली ८ मिलिमीटरमध्ये कोडॅक्रोम ही रंगीत फिल्म आली. १९६५ साली काडतुसासारख्या डबीत मिळणारी सुपर ८ फिल्म निघाली आणि कॅमेऱ्यात फिल्म भरण्याची खटपट संपली. १९८० च्या दशकात व्हिडिओ कॅमेरा आल्यावर हा सारा प्रकार झपाट्याने मागे पडला. कोडॅक्रोम धुऊन देणाऱ्या जगातील शेवटच्या प्रयोगशाळेने, अमेरिकेतील कॅन्सस राज्यात, ३० डिसेंबर २०१० पर्यंत आलेली रिळे स्वीकारून ते काम थांबविले.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी लागते. व्यावसायिक चित्रपटाची मूळ निगेटिव्ह असते व तिच्यावरून अनेक प्रती निघतात. घरगुती फिल्म सामान्यतः ‘रिव्हर्सल’ पद्धतीची असे. कॅमेऱ्यात जी फिल्म घातली, तीच धुतल्यावर पडद्यावर दाखविली जाई. तिला निगेटिव्ह नाही आणि दुसरी प्रतही नाही. प्रत्येक घरगुती फीत ही एकमेव हस्तलिखितासारखी असते. ती गेली की साधनच गेले.

२. फिल्मची झीज

अॅसिटेट फिल्म पेटत नसली तरी चिरंजीव नाही. उष्णता व दमटपणा यांमुळे तिच्या पायाचे रासायनिक विघटन होते व त्यातून अॅसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधील आंबट द्रव्य, बाहेर पडते. हे आम्ल पुन्हा विघटनाचा वेग वाढविते. त्यामुळे एकदा सुरू झालेली झीज अधिकाधिक वेगाने होत जाते आणि एका रिळाचे आम्ल शेजारच्या रिळालाही बाधते. डबा उघडताच येणारा आंबूस वास ही या विकाराची पहिली खूण आहे. पुढे फिल्म आक्रसते, वाकडी होते, ठिसूळ बनते आणि अखेर तिच्यावरील चित्राचा थर सुटू लागतो. अमेरिकेतील रॉचेस्टर येथील इमेज परमनन्स इन्स्टिट्यूट या संस्थेच्या अभ्यासानुसार २१ अंश सेल्सिअस तापमान आणि ५० टक्के सापेक्ष आर्द्रता असताना ताज्या अॅसिटेट फिल्ममध्ये हा विकार सुरू होण्यास सुमारे ४० वर्षे लागतात. मुंबई, कोकण व गोवा येथील पावसाळ्यात हवेतील दमटपणा याहून कितीतरी अधिक असतो. लोखंडी कपाटात किंवा माळ्यावर ठेवलेल्या रिळांचे आयुष्य त्यामुळे अधिकच कमी होते. बुरशीची भर वेगळीच.

रंगांची गोष्टही अशीच आहे. अंधारात ठेवलेल्या कोडॅक्रोमचे रंग दीर्घकाळ टिकतात; इतर अनेक रंगीत फिल्मांतील निळे-हिरवे द्रव्य आधी उडते आणि चित्र तांबूस-गुलाबी दिसू लागते. अशा फिती पाहून ‘त्या काळचा रंगच असा’ अशी समजूत करून घेणे चुकीचे ठरेल. तो रंग काळाचा नसून झिजेचा असतो.

३. रूपांतराच्या पद्धती

रूपांतराचे ढोबळमानाने तीन टप्पे दिसतात. पहिल्या टप्प्यात, १९८० व १९९० च्या दशकांत, फीत पडद्यावर किंवा पांढऱ्या कागदावर दाखवून समोर व्हिडिओ कॅमेरा लावीत व व्हीएचएस टेपवर उतरवून घेत. यात कडा अंधुक होत, मधला भाग भगभगीत दिसे आणि चित्र लुकलुके. दुसऱ्या टप्प्यात प्रोजेक्टरची गती जुळवून थेट व्हिडिओ संवेदकावर चित्र घेण्याची युक्ती आली व प्रत डीव्हीडीवर जाऊ लागली. तिसरा टप्पा एकेक फ्रेम स्वतंत्रपणे स्कॅन करण्याचा आहे. यात दातेरी चक्राऐवजी रबरी रुळांनी फिल्म हळुवार पुढे सरकते. त्यामुळे आक्रसलेली, छिद्रे फाटलेली फिल्मही बहुधा इजा न होता स्कॅन करता येते. तापणाऱ्या दिव्याच्या जागी थंड एलईडी प्रकाश असतो.

यातील गतीचा प्रश्न इतिहासकाराच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. साध्या ८ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात ८० फ्रेम असतात. ५० फुटांच्या रिळात ४,००० फ्रेम होतात आणि सेकंदाला १६ फ्रेम या गतीने ते रीळ ४ मिनिटे १० सेकंद चालते. भारतात रूढ असलेली व्हिडिओची गती सेकंदाला २५ फ्रेम होती. गतीचा विचार न करता फ्रेमला फ्रेम लावून दिली तर हेच रीळ २ मिनिटे ४० सेकंदांत संपते. माणसे लगबगीने चालतात, हातवारे धसमुसळे होतात, गंभीर विधीही विनोदी वाटू लागतो. जुन्या काळची माणसे पडद्यावर तुरुतुरु चालताना दिसतात, यामागे पुष्कळदा चुकीच्या गतीचेच कारण असते. सुपर ८ ची नेहमीची गती सेकंदाला १८ फ्रेम आणि तिच्या ५० फुटांचा अवधी ३ मिनिटे २० सेकंद असतो. फीत कोणत्या जातीची आहे व ती कोणत्या गतीने घेतली, याची नोंद नसेल तर त्या प्रतीवरून काळाचे कोणतेही अनुमान काढता येणार नाही.

दुसरा प्रश्न कडांचा. कोडॅकच्या फिल्मच्या काठावर वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशी लहान चिन्हे छापलेली असत. त्यांवरून फिल्मच्या निर्मितीचे वर्ष ओळखता येते. ही चिन्हे ठरावीक वर्षांनी पुन्हा वापरली गेली असल्याने एकट्या चिन्हावर विसंबता येत नाही; पण वेशभूषा, मोटारी, इमारती यांच्या पुराव्याशी ताडून पाहिल्यास कालनिश्चितीला भक्कम आधार मिळतो. सर्वसाधारण रूपांतरात केवळ चित्राचा चौकोन घेतला जातो आणि काठ कापला जातो. पत्राचा मजकूर उतरवून घ्यावा आणि त्यावरील शिक्का-मोर्तब व तारीख फाडून टाकावी, तसाच हा प्रकार आहे. डब्यावरील हस्ताक्षर, टपालाचा शिक्का आणि फिल्म कोठे जोडली याच्या खुणा यांचीही हीच गत होते.

४. दोन उदाहरणे

२२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलस येथे अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांची हत्या झाली. अब्राहम झप्रुडर हे कपड्यांचे व्यावसायिक अध्यक्षांची मिरवणूक टिपण्यासाठी आपला ८ मिलिमीटरचा कॅमेरा घेऊन उभे होते. त्यांची फीत ४८६ फ्रेमची आहे. कॅमेऱ्याची तपासणी करून त्याची सरासरी गती सेकंदाला १८.३ फ्रेम असल्याचे तपास यंत्रणेने ठरविले आणि म्हणूनच दोन गोळ्यांमधील अंतर सेकंदांत मोजणे शक्य झाले. गतीची नोंद हा येथे पुराव्याचा गाभाच ठरला. मूळ फीत एका नियतकालिकाकडे असताना हाताळणीत तिच्या काही फ्रेम खराब झाल्या. शिवाय त्या कॅमेऱ्यातील प्रतिमा फिल्मच्या छिद्रांमधील जागेपर्यंत पसरलेली होती. प्रोजेक्टरवर तो भाग दिसत नाही आणि नेहमीच्या प्रतींतही येत नसे. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या डिजिटल प्रतीत मात्र हा भागही सर्वसामान्य प्रेक्षकांना पाहता आला. १९९९ साली लवादाने या मूळ फितीपोटी १ कोटी ६० लाख डॉलर इतकी भरपाई ठरविली. प्रती असंख्य असूनही मूळ फितीचे मोल कमी झाले नाही, हे यावरून दिसते.

घटनेची थरारकता नसलेली फीतही इतिहास घडविते, याचे उदाहरण ‘टोपाझ’ हे आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबले. तेथे त्यांना कॅमेरे बाळगण्यास मनाई होती. युटा राज्यातील टोपाझ छावणीतील सहकारी दुकान सांभाळणारे डेव्ह तात्सुनो यांनी आत आणवलेल्या ८ मिलिमीटर कॅमेऱ्यावर १९४३ ते १९४५ या काळात बर्फ, मुले, भाजीचे वाफे, उपासना असे नित्याचे जीवन चोरून टिपले. सरकारी अहवालांत न सापडणारे माणसांचे जगणे या फितीत आढळते. झप्रुडर यांची फीत १९९४ साली आणि ‘टोपाझ’ १९९६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत समाविष्ट करण्यात आली.

५. भारतविषयक संग्रह व त्यांचे वाचन

भारतातील घरगुती चित्रणाचा पूर्वार्ध प्रामुख्याने संस्थानिक, इंग्रज अधिकारी, मळेवाले, मिशनरी आणि धनिक व्यापारी यांच्या हातचा आहे. यांतील इंग्रजांच्या फितींचा महत्त्वाचा संग्रह केंब्रिज विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई अभ्यास केंद्राकडे असून तो डिजिटल स्वरूपात अभ्यासकांना पाहता येतो. ‘कलोनियल फिल्म’ या प्रकल्पाने २०१० साली ब्रिटिश साम्राज्याशी संबंधित ६,००० हून अधिक चित्रफितींची सूची खुली केली, तर ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने २०१७ साली आपल्या संग्रहातील भारतविषयक जुन्या फिती लोकांसमोर आणल्या.

या फितींत साहेबाचे कुटुंब मध्यभागी असते. आया, माळी, पट्टेवाला आणि घोडेवाला कडेला असतात. बहुतेकांची नावे कोठेही नाहीत. प्रोजेक्टरवर ही माणसे क्षणात सरकून जात. एका फ्रेमवर थांबावे तर दिव्याच्या उष्णतेने फिल्म जळण्याची भीती असे. डिजिटल प्रतीत मात्र हवे तेथे थांबता येते, मागे जाता येते, चित्राचा कोपरा मोठा करून पाहता येतो. ज्याच्यासाठी कॅमेरा लावला नव्हता तो माणूस अशा वेळी अभ्यासाचा विषय होऊ शकतो. रूपांतराने अभ्यासकाला दिलेला हा मोठाच लाभ होय. तथापि फितीत जे आले नाही, त्याचाही विचार करावा लागतो. फिल्म महाग होती. म्हणून आनंदाचे, समारंभाचे प्रसंग टिपले गेले. भांडण, आजारपण, स्वयंपाकघरातील कष्ट आणि कॅमेरा धरणारी व्यक्ती स्वतः, ही सहसा फितीत नसतात. ज्या घरांत कॅमेरा कधी पोहोचलाच नाही, त्या बहुसंख्य समाजाचे मौन तर सर्वांत मोठे आहे.

१९६५ हे वर्ष मराठी समाजाच्या दृष्टीनेही लक्षणीय आहे. त्याच वर्षी अमेरिकेने आपला स्थलांतराचा कायदा बदलला आणि त्यानंतर भारतातून, त्यात महाराष्ट्रातूनही, शिकलेली कुटुंबे तिकडे जाऊ लागली. सुपर ८ ही त्या पिढीच्या काळातील कौटुंबिक फिल्म होती. परदेशातील पहिली हिवाळी थंडी, घरगुती गणपती, आजी-आजोबांची भेट यांसारखे प्रसंग टिपलेल्या फिती जेथे असतील, तेथे त्या मराठी स्थलांतराच्या इतिहासाचे साधन म्हणून पाहिल्या पाहिजेत. त्या मुक्या असल्याने त्यांतील माणसे ओळखणारी पिढी हयात असतानाच त्यांची नोंद होणे अगत्याचे आहे.

६. पाठचिकित्सा आणि प्रक्षेप

मराठी संशोधनाला पाठचिकित्सेची मोठी परंपरा आहे. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करताना अस्सल कागदाचे महत्त्व ठसविले. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ साली हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पूर्ण झाली. अनेक पोथ्या ताडून प्रक्षिप्त श्लोक वेगळे काढावेत, पण तेही टाकून न देता तळटीपांत व परिशिष्टांत नोंदवावेत, ही त्या कार्याची शिस्त होती.

डिजिटल चित्रफितीतही प्रक्षेप होतात. सेकंदाच्या १६ फ्रेमच्या ६० करण्यासाठी संगणक दोन फ्रेमच्या मध्ये नव्या फ्रेम कल्पून घालतो. अंधुक चेहरे रेखीव केले जातात, कृष्णधवल चित्राला रंग चढविले जातात. २०२० साली ल्युमिएरांच्या आगगाडीच्या प्रसिद्ध दृश्याची अशी ‘सुधारलेली’ आवृत्ती जगभर पाहिली गेली. करमणूक म्हणून त्यास हरकत नाही. परंतु ज्या फ्रेम कॅमेऱ्याने कधी पाहिल्याच नाहीत, ज्या साडीचा रंग यंत्राने अंदाजाने ठरविला, त्यांना पुरावा मानता येणार नाही. मुक्या फितीवर चित्रपटगीत चढवून देण्याची पद्धतही याच जातीची. अशी सजविलेली प्रत वेगळी ठेवावी. संशोधनासाठी मात्र काठासह, मूळ गतीच्या नोंदीसह, कोणतीही सुधारणा न केलेली प्रत असली पाहिजे.

७. महाराष्ट्रातील कार्याची दिशा

पुणे येथे फेब्रुवारी १९६४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने भारतीय चित्रपटांच्या जतनाचे मोलाचे कार्य केले. २०२२ साली ही संस्था राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आली. जानेवारी २००३ मध्ये पुण्यातच लागलेल्या आगीत अनेक जुन्या नायट्रेट फिती नष्ट झाल्या, ही हानी सर्वज्ञात आहे. अशा संस्थांचा मुख्य भर साहजिकच चित्रगृहांत प्रदर्शित झालेल्या चित्रपटांवर असतो. घराघरांतील रिळांपर्यंत पोहोचण्याचे काम जिल्हा पातळीवरील महाविद्यालयांचे इतिहास विभाग करू शकतात. काही देशांत २००३ पासून ‘होम मूव्ही डे’ पाळला जातो. लोक आपली रिळे घेऊन येतात, जाणकार त्यांची तपासणी करतात आणि जमलेल्या लोकांसमोर ती दाखविली जातात. आपल्याकडेही असा उपक्रम फार खर्चाशिवाय करता येईल. त्यासाठी पुढील गोष्टी पाळाव्यात.

(१) रीळ प्रथम प्रोजेक्टरवर लावू नये. वास, आक्रसणे आणि छिद्रांची स्थिती तपासावी; आंबूस वासाची रिळे इतरांपासून वेगळी ठेवावीत.

(२) फिल्मचा प्रकार, लांबी, काठावरील चिन्हे, डब्यावरील मजकूर व रिळांचा क्रम यांची नोंद रूपांतरापूर्वी करावी.

(३) स्कॅन करताना संपूर्ण रुंदी घ्यावी आणि यंत्र, गती व केलेले फेरफार लिहून ठेवावेत.

(४) घरातील वडीलधाऱ्यांना फीत दाखवून त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे. व्यक्ती, नाती, स्थळ व प्रसंग यांची ओळख केवळ त्यांनाच असते. मात्र कुटुंबाच्या संमतीवाचून काहीही प्रसिद्ध करू नये.

(५) डिजिटल फाइलच्या निदान तीन प्रती ठेवाव्यात, त्यांतील एक दुसऱ्या गावी असावी, आणि ठरावीक काळाने त्या उघडून तपासाव्यात.

(६) रूपांतर झाले म्हणून मूळ फीत टाकू नये. ती थंड व कोरड्या जागी जतन करावी.

समारोप

व्हीएचएसवर उतरवून मूळ रिळे टाकून दिलेल्या कुटुंबांकडे आज फीतही नाही आणि टेपही धड नाही. त्यानंतर आलेल्या डीव्हीडीही वाचता येईनाशा होऊ लागल्या आहेत. १९३६ सालची कोडॅक्रोम नीट ठेवली असल्यास आजही प्रकाशासमोर धरून नुसत्या डोळ्यांनी पाहता येते. वीस वर्षांपूर्वीच्या फाइलबद्दल तशी खात्री देता येत नाही. डिजिटल रूपांतर आवश्यक आहे, कारण त्यावाचून या फिती पाहिल्या जाणार नाहीत आणि न पाहिलेले साधन विस्मृतीत जाते. मात्र रूपांतराने जतनाची जबाबदारी संपत नाही. मूळ फीत, तिची शुद्ध प्रत, त्या प्रतीच्या निर्मितीची नोंद आणि ती ओळखणाऱ्या माणसांची साक्ष, ही चारही एकत्र राहिली तरच घरातील हौसेची ही वस्तू इतिहासाचे विश्वसनीय साधन ठरते. यांपैकी पहिली तीन काही वर्षे थांबू शकतील. चौथी थांबणार नाही. म्हणून गावोगावच्या महाविद्यालयांनी या कामाचा प्रारंभ वडीलधाऱ्यांच्या साक्षीपासून करावा, हे सर्वांत उचित होईल.